पोच नसलेले परतावे

तपासणीच्या दिवशी माणसानं साधे कपडे घालावेत, कमी बोलावं आणि विचारलं तेवढंच दाखवावं, असं ताई दरवर्षी सगळ्या ऑफिसला बजावायची. आणि दरवर्षी दादा कडक इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर शिंपडून यायचा, जणू कर खात्याची माणसं त्याचा सत्कारच करायला येणार आहेत. या खेपेलाही तो तसाच आला. फक्त आल्या आल्या कुणाची थट्टा केली नाही की चहा मागवला नाही. गुपचूप आपल्या खुर्चीत जाऊन बसला. ताईला खटकलं ते तेव्हाच.

सहलीची कंपनी दादाची. वयस्कर जोडप्यांना फिरवून आणायचं, ही त्यांची खासियत. बस हळू चालणार, हॉटेलात तळमजल्याची खोली मिळणार, आणि वाटेत कुणाला स्वच्छतागृह हवं असलं तर ड्रायव्हर कपाळाला आठी न घालता गाडी थांबवणार. एवढ्या भांडवलावर कंपनी उभी होती. हिशेब धाकट्या बहिणीकडे, म्हणजे ताईकडे. ऑफिसात तिच्या माघारी तिला ‘कात्री’ म्हणत, कारण खर्चाचं कुठलंही बिल कापल्याशिवाय तिच्या टेबलावरून पुढं सरकतच नसे. ड्रायव्हरनं चहाचं बिल दिलं तर ती विचारायची, “काय रे, चहा प्यायलात की त्यात अंघोळ केलीत?”

कात्रीच्या टेबलावर एक गोल शिक्का असे. हिशेब तपासून तो खरा आहे असं लिहून द्यायचा परवाना तिनं मिळवला होता, तोही नवरा गेल्यावर, सासर सुटल्यावर, वर्गातल्या पोरींची आई शोभेल अशा वयात. तो शिक्का ती दुसऱ्या कुणाला हातही लावू द्यायची नाही. साडी, दागिना, घर, कशाकशाचं नाव घेऊन ‘हे माझं’ म्हणायची सोय तिला राहिली नव्हती. शिक्का मात्र तिचा होता.

तपासणीला आलेल्या अधिकारी बाई चष्मेवाल्या, सडपातळ, आणि बोलणं इतकं हळू की आजाऱ्याची विचारपूस करायला आल्यासारखं वाटावं. अशी माणसं फार वाईट. आरडाओरडा करणाऱ्याला चहा पाजून गप्प करता येतं.

“तुमचं हे पाहुणे खातं मला समजावून सांगा,” बाई म्हणाल्या.

ताई खुलली. हे खातं म्हणजे तिचा अभिमान. प्रवाशानं सहलीसाठी भरलेला पैसा बस निघेपर्यंत कंपनीचा नव्हे, पाहुण्याचा. म्हणून तो वेगळ्या खात्यात. ऑफिसात साधी पेन्सिल घ्यायची झाली तरी त्या खात्याला हात लावायचा नाही. बस निघाली की हॉटेलचं हॉटेलला जातं, आपलं आपल्याकडे येतं, आणि जे आपलं त्यावर कर भरायचा.

“आणि सहल रद्द केली तर?”

“पैसे आपण ठेवले तर ते उत्पन्न, त्यावर कर. परत दिले तर प्रवाशाच्या सहीची पोच.”

“बरोबर,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा वर सरकवला. “मग या काही परताव्यांना पोच का नाही?”

दादा खिडकीबाहेर बघायला लागला. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत होती.

ताईला हा प्रश्न कधी ना कधी येणार हे ठाऊक होतं, आणि कधी येऊच नये म्हणून ती मनातल्या मनात हात जोडत आली होती. वयस्कर माणसांची सहल म्हटली की एखादा प्रवासी निघण्याआधीच जायचा. मोठ्या प्रवासाला निघाला, असं तिकीटमास्तर म्हणायचा, आणि ताई त्याला दटावायची. तिकीटमास्तर म्हणजे काउंटरवर बसणारा, कंपनीइतकाच जुना माणूस. असं कुणी गेलं की दादा पाहुणे खात्यातून तेवढी रोख रक्कम काढायचा, पाकिटात घालायचा आणि स्वतः त्या घरी जायचा. कापाकापी नाही, रद्द करण्याचा आकार नाही, पैसे पूर्ण परत. पण पावती? पावती कधीच आणायचा नाही.

यावरून दोघांची किती भांडणं झाली होती! “सही आण, दादा. एक सही! माणूस मेलं तरी हिशेब मरत नाही.” दादा म्हणायचा, “दिलेत म्हणजे दिलेत. माझ्या शब्दावर विश्वास नाही का?” आता सख्ख्या भावाला ‘नाही’ कसं म्हणायचं? ताई फणफणत, पाय आपटत परताव्याची नोंद करायची, आणि वर्षाच्या शेवटी त्या नोंदीवर आपला शिक्का उमटवायची. सगळ्या जगाची बिलं कापणारी कात्री तेवढ्या एका ठिकाणी बोथट होती.

“भाऊ स्वतः जाऊन देतात,” ताई म्हणाली. “दुःखाचं घर असतं. सही कशी मागणार?”

“हे सगळे परतावे मृतांचे आहेत,” बाई त्याच मऊ आवाजात म्हणाल्या. “मृत माणूस तक्रार करायला येत नाही, मॅडम. पैसे परत दिले असं लिहायचं, स्वतःकडे ठेवायचे आणि करही वाचवायचा. हे मी पहिल्यांदा बघत नाहीये.”

“तोंड सांभाळून बोला!” तिकीटमास्तर काउंटरवरून ओरडला. ताईनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

“दिले नसतील तर हे लपवलेलं उत्पन्न ठरतं. मला आजच खातं गोठवावं लागेल. आणि खोट्या नोंदीवर शिक्का कुणाचा, तेही लिहावं लागेल.”

उद्या बस निघायची होती. सगळे म्हातारे-म्हाताऱ्या बॅगा भरून बसले असणार, औषधांच्या डब्या लावून झाल्या असणार. खातं गोठलं की हॉटेलवाले दारातूनच परत पाठवणार. आणि शिक्का गेला की ताई कोण? भावाच्या आधारानं राहणारी एक बाई, बस.

“एका घरी फोन करू,” बाईंनी सुचवलं. “एकानं जरी पैसे मिळाले म्हणून सांगितलं, तरी मला पुढं विचार करता येईल.”

“नाही,” दादा म्हणाला. सकाळपासून तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला माणूस पहिल्यांदा बोलला तो हा एवढा एकच शब्द.

“का नाही?”

“नाही म्हणजे नाही. त्या घरांना त्रास द्यायचा नाही.”

“दादा, अरे वेड लागलंय का तुला?” ताई कळवळून म्हणाली. “आपलंच भलं आहे त्यात!”

पण बाईंनी तोवर सर्वांत अलीकडच्या परताव्याचा बुकिंग अर्ज काढला होता. सेवानिवृत्त गुरुजी आणि त्यांची बायको, दोघांची सहल. गुरुजी निघायच्या आधीच गेले. अर्जावर मुलाचा नंबर होता. बाईंनी फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

“पैसे?” मुलगा म्हणाला. “नाही बुवा, आम्हाला काही मिळालं नाही. परत मिळणार होते का? मला वाटलं बुडाले.”

ताईनं वळून दादाकडे पाहिलं.

“जवळपास असाल तर येऊन जा,” बाई म्हणाल्या. “आणि सहलीला तुमच्या आईही जाणार होत्या ना? त्यांनाही घेऊन या.”

बाई झेरॉक्स काढायला उठल्या तशी ताईनं दादाला दंडाला धरून आतल्या खोलीत ओढलं. खोली कसली, चहाचा ओटा आणि जुन्या माहितीपत्रकांचे गठ्ठे. दार लावून ती त्याच्यासमोर उभी राहिली. लाज वाटत होती, पण विचारायचं ते विचारलंच पाहिजे होतं.

“दादा, खरं सांग. पैसे दिलेस का?”

“दिले.”

“कुणाला?”

“ज्याला द्यायचे त्याला.”

“मग तो पोरगा नाही का म्हणतो?”

दादा ओट्यावरचे पेले एकात एक घालू लागला.

“गेल्या वर्षी तू घराचं छप्पर बदललंस. पैसे कुठून आणलेस ते मी विचारलं नाही. आता विचारते.”

दादानं तिच्याकडे पाहिलं. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. तो नुसता ओशाळा झाला, आणि त्या ओशाळ्या तोंडानं ताईच्या काळजात चर्र झालं. आपण काय बोलून बसलो हे तिला कळलं, पण बोललेलं काही परत घेता येत नाही.

“कर्ज काढलं,” तो म्हणाला. “कागद आणून दाखवू?”

“छपराचे नको रे बाबा. या पैशांचा एक तरी कागद दाखव!”

“शब्द दिलाय मी. यापुढे विचारू नकोस.”

“तुझ्या शब्दापायी माझा शिक्का जातोय, दादा!”

“ठाऊक आहे,” तो म्हणाला आणि दार उघडून बाहेर गेला.

ताई तिथंच ओट्याला टेकून उभी राहिली. संताप, भीती आणि संशय, तिन्हींनी एकदमच तिला घेरलं होतं. भाऊ चोर आहे असं मानवत नव्हतं, आणि नाही असं सिद्ध करायला तिच्याकडे कपटाही नव्हता.

दुपारी मुलगा आला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. घाईतला, खिशात दोन फोन असलेला, घरचं सगळं आपल्या अंगावर आहे असं मनापासून वाटणारा. मागोमाग त्याची आई. लहान चणीची, दोन्ही हातांनी पर्स छातीशी धरलेली.

“आईला यातलं काही कळत नाही,” मुलगा बसता बसता म्हणाला. “व्यवहार सगळे मीच बघतो. तिला काय लागतं, मी असतोच की द्यायला.”

अधिकारी बाईंनी त्याला काही विचारलं नाही. त्या सरळ आईकडे वळल्या. “आजी, या सहलीचे पैसे तुम्हाला परत मिळाले का?”

म्हातारीनं आधी मुलाकडे पाहिलं नाही. दादाकडे पाहिलं.

“नाही दिले,” दादा चटकन म्हणाला. “राहिले द्यायचे.”

“मी त्यांना विचारलंय.”

“आणि मी सांगतोय. कंपनीकडेच आहेत.”

काउंटरमागं तिकीटमास्तरच्या हातातलं पेन खाली पडलं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं त्यानं पाहिली होती, पण मालकाला इतक्या नेमानं नेम धरताना पाहिलं नव्हतं.

ताई मात्र दादाकडे बघतच नव्हती. ती त्या पर्सकडे बघत होती. इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. आणि म्हातारीच्या डोळ्यांत जी भीती होती ती चोरीची नव्हती. आपलं आहे ते आता विचारलं जाईल, मग मोजलं जाईल, मग ‘तुला कशाला लागतात, मी आहे ना’ म्हणून काढून घेतलं जाईल, याची ती भीती होती. ताईला ती दुरूनसुद्धा ओळखता आली असती.

कारण नवरा गेल्यावर काही दिवसांनी सासरच्या स्वयंपाकघरात ती स्वतः अशीच उभी राहिली होती. बाहेर दीर कपाटं उघडून बघत होता. आणि दादा आत येऊन, पाणी प्यायचं निमित्त करून, तिच्या हातात पाकीट कोंबून गेला होता. “कुणाला सांगू नकोस हं,” ती म्हणाली होती. दादा म्हणाला होता, “नाही सांगणार.” भावानं पदरमोड करून दिले, असं समजून ती त्या रात्री रडली होती, आणि मग त्याच पैशांतून तिनं हिशेबाच्या वर्गाची फी भरली होती. शिक्का आला होता तो तिथून.

अगं बाई! म्हणजे मागं राहिलेल्या त्या सगळ्याच बायकांनी दादाला हेच सांगितलं होतं! सही कशी आणणार तो? सहीचा कागद म्हणजे पुरावा. आणि असा पुरावा घरच्यांपर्यंत पोचायला किती वेळ लागतो?

“आजी?” अधिकारी बाईंनी पुन्हा विचारलं.

म्हातारीचे ओठ हलले. ती खरं बोलणार होती. भिऊन का होईना, तिच्यासाठी अडकलेल्या माणसाला ती सोडवणार होती. एक वाक्य, की शिक्का वाचला, खातं वाचलं, भाऊ वाचला. ताईनं एक श्वास घेतला.

“थांबा,” ती म्हणाली. “त्यांना कशाला विचारता? चूक माझी आहे. पैसे दिलेले नाहीत. परतावा म्हणून मी लिहिलं.”

“ए, काय बोलतेस!” दादा उठला.

“तू बस खाली,” ताई म्हणाली, आणि तो बसला.

अधिकारी बाईंनी लेखणी खाली ठेवली. त्यांनी ताईकडे पाहिलं, मग म्हातारीकडे, मग त्या पर्सकडे.

“मॅडम, मला लेखी जबाब घ्यावा लागतो. एकदा लिहिलं की खोडता येत नाही.”

“लिहा.”

“बाकीच्या नोंदींचं काय?”

“त्याही तशाच. सगळं उत्पन्नात धरा. कर आणि दंड कंपनी भरेल. पण आज रक्कम मान्य करतोय, तर खातं गोठवू नका. उद्या बस आहे, माणसं बॅगा भरून बसलीत.”

“मान्य केली तर गोठवायची गरज नाही,” बाई म्हणाल्या. मग आवाज आणखीच उतरला. “शिक्का मात्र मला जमा करावा लागेल.”

ताईनं शिक्का पुसला. शाई लागून पाकीट खराब होऊ नये म्हणून नीट दोनदा पुसला, आणि स्वतःच्या हातानं बाईंच्या पाकिटात ठेवला.

“मग आमचे पैसे?” मुलानं विचारलं.

“आत्ता घेऊन जा,” ताई म्हणाली. “ चेक आईंच्या नावानं निघेल. सोबतच्या प्रवासी त्या होत्या.”

“चालेल, खातं दोघांचं एकत्रच आहे,” तो म्हणाला आणि फोनवर बोलत बाहेर गेला.

म्हातारीनं पाणी मागितलं. ताई तिला आतल्या ओट्याशी घेऊन गेली. पाण्याचा पेला तसाच हातात धरून म्हातारी कुजबुजली, “मी बोलणार होते हो. खरंच बोलणार होते.”

“माहीत आहे मला.”

“दर आठवड्याला बसनं बहिणीकडे जाऊन येते त्या पैशांतून. घरी सांगते, बागेत गेले होते. चांगलाच आहे हो मुलगा माझा. पण जाऊ का म्हणून विचारावं लागत नाही ना, तेवढंच.” मग तिनं पेला ओट्यावर ठेवला. “तुमचं नुकसान झालं.”

“प्या पाणी,” ताई म्हणाली. “आणि बागेत जात जा अशाच.”

सगळे गेले. तिकीटमास्तरनं काउंटर आवरायचं सोंग करून डोळे पुसले आणि मग उद्याच्या बसच्या चिठ्ठ्या लावायला घेतल्या. दादा आपल्या खुर्चीत तसाच बसला होता. कडक शर्टाची इस्त्री पार मोडली होती.

“हे बघ,” ताई त्याच्यासमोर बसत म्हणाली, “यापुढे असं करायचं. कुणी गेलं की त्याचा पैसा उत्पन्नात धरायचा, कर भरायचा. मग तुझ्या वाट्यातून तू हवे तितके काढ, आणि हव्या त्या स्वयंपाकघरात नेऊन दे. मालकाच्या उचलीला कुणाची सही लागत नाही. कर जाईल, पण कुणी काही विचारणार नाही.”

दादा तिच्याकडे बघतच राहिला. “इतकं सोपं होतं? मग आधी का नाही सांगितलंस?”

“तू आधी का नाही सांगितलंस, सही का आणत नाहीस ते? मला! मला नाही सांगायचं? मी काय परकी होते?”

“तुला कसं सांगणार?” दादा म्हणाला. मान खाली घालून, टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत. “पहिला परतावा तुझाच होता.”

“म्हणजे?”

“दाजींनी आपल्या पहिल्या बसला दोघांचे पैसे भरले होते. तुला न सांगता. तुला एकदा समुद्र दाखवायचा होता त्यांना. मग ते गेले... मी कुठून देणार होतो गं तेव्हा? बस हप्त्यावर होती. तुझेच होते ते पैसे. पण तू समजलीस भावानं दिले, आणि इतकी रडलीस, की मला सांगवेना.”

इतकी वर्षं ताई भावाच्या उपकारावर उभी आहे असं धरून चालली होती. ती तर नवऱ्याच्या, नाही, स्वतःच्याच पैशांवर उभी राहिली होती. तो गप्प राहणारा माणूस, कधी बाजारातसुद्धा बरोबर न आलेला, त्यानं समुद्राचं बुकिंग केलं होतं, आणि तिला ते आज कळत होतं. तिला रडू फुटलं, आणि तिनं ते आवरलंही नाही.

मग नाक पुसून तिनं ड्रॉवर उघडला आणि पावतीपुस्तक काढलं. नवऱ्याचं नाव लिहिलं, सहलीचं नाव दादाला विचारून लिहिलं, आणि ‘पूर्ण परतावा मिळाला’ असं लिहून खाली सही केली.

“अगं, शिक्का तर गेला,” दादा म्हणाला.

“घेणाऱ्याला शिक्का लागत नाही,” ताई म्हणाली आणि पावती फाडून त्याच्या हातात दिली. “आणि उद्याच्या बसला पुढची एक खिडकी ठेव. माझ्या नावानं. पैसे भरून.”